टोमॅटोला एक्साइज लागत नाही

मुलाचा फोन रविवारी सकाळी यायचा. आपल्याकडची सकाळ म्हणजे कॅनडात आदली रात्र. मी चहा घेत असायचे आणि तो जेवून उठलेला असायचा. त्या रविवारी मात्र तो कामावरच होता. बागेत यंदा मोहोर कसा उशिरा आलाय ते मी त्याला सांगत होते, तेवढ्यात मागून त्याला कोणी तरी हाक मारली. तो वळून इंग्रजीत काहीतरी बोलला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, थांब हं जरा. मालाला एक्साइजचे शिक्के चुकीचे लागलेत."

थोड्या वेळानं परत आला. मोहोराची चौकशी केली, थंडीबद्दल कुरकुर केली आणि फोन ठेवला. मी मात्र कप हातात धरून तशीच बसले.

आमचा मुलगा कॅनडात टोमॅटो पिकवतो. निदान अख्ख्या रत्नागिरीला, आणि मलाही, हेच माहीत होतं. आणि टोमॅटोला एक्साइज लागत नाही. आपल्याकडे नाही, कॅनडात नाही, जगाच्या पाठीवर कुठंही नाही.

दुसऱ्या कुठल्या आईनं ते वाक्य चहाबरोबर गिळून टाकलं असतं. पण मी विक्रीकर कार्यालयात नोकरी केली आहे. मधेच वस्तू व सेवा कर आला, दारावरची पाटी बदलली, आतली टेबलं आणि माणसं तीच राहिली. मीही तीच राहिले. संशय हा माझा सरकारी खर्चानं पोसलेला स्वभाव आहे. भाजीवाली वजन करते तेव्हा मी काट्याकडे बघत नाही, तिच्या करंगळीकडे बघते. यजमान म्हणतात, हिच्याशी खरं बोलतानासुद्धा माणसाला घाम फुटतो.

एक्साइज हा शब्द आमच्याकडे कुणी पुस्तकातून शिकत नाही. एक्साइज म्हणजे जीप. खाडीकाठी झाडोऱ्यात कुणी हातभट्टी लावलेली असते, जीप येते, पिंपं उलटी करते आणि पुढचे दोन दिवस वाऱ्याबरोबर सडक्या गुळाचा वास येत राहतो. मग लोक सांगतात, "एक्साइजवाले येऊन गेले." त्यामुळे माझ्या डोक्यात आधी दारूच आली. मुलगा टोमॅटोची दारू गाळतो की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. आता हसू येतं. तेव्हा आलं नाही.

तसे टोमॅटो खोटे नव्हते. दापोलीला शेतीचं शिकून तो कॅनडात गेला तो टोमॅटोच्या काचघरातच. काचघर म्हणजे काचेची शेड, पण शेड कसली, आत आमच्या आळीतली सगळी घरं मावतील एवढी. टोमॅटोचा वेल त्याच्या डोक्याच्या वर गेलेला आणि तो शेजारी दात काढून उभा, असा एक फोटो त्यानं पाठवला होता. तो मी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दाखवला, बँकेत दाखवला, दाढदुखीसाठी गेले तेव्हा डॉक्टरणीलाही दाखवला. माझी नणंद जयगडला असते. ती तर बंदरातल्या बोटी बघून म्हणायची, "एक दिवस आमच्या भाच्याचे टोमॅटो ह्याच धक्क्यावर उतरतील बघा." कॅनडातून कोकणात टोमॅटो कोण कशाला पाठवेल, असं मी म्हटलं की ती मलाच खडूस ठरवायची.

पुढे त्यानं ती नोकरी सोडली. दोन मित्रांबरोबर स्वतःचं काचघर घेतोय म्हणाला. आम्ही देवापुढे पेढे ठेवले. त्यानंतर मात्र टोमॅटोचा एकही फोटो आला नाही, हे त्या रविवारी माझ्या ध्यानात आलं. फोटो यायचे ते बुटांचे, बर्फाचे, त्याच्या स्वतःच्या तोंडाचे. तोंड दरवेळी थोडं बारीक झालेलं. मागे पांढरी भिंत आणि चेहऱ्यावर कसला तरी जांभळा उजेड. आणि घरी येणं? गणपतीला येतो म्हणायचा, मग मे महिन्यात येतो म्हणायचा, मग त्यावर बोलणंच टाळायचा.

मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. पोर कशात तरी अडकलंय आणि ते काय हे मला कळत नाही, एवढंच मला दिसत होतं. ते कळावं आणि तो त्यातून सुटून घरी यावा. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

दुकानात तपासणीला गेलं की व्यापाऱ्याला नफा विचारायचा नसतो. पोती किती लागली ते विचारायचं, हमाल किती आहेत, विजेचं बिल किती येतं ते विचारायचं. नफ्याचं खोटं त्यानं पाठ केलेलं असतं, पोत्यांचं खोटं बोलायला त्याला सुचत नाही. मी मुलाला तसंच विचारायला लागले.

"लाईटचं बिल फार येत असेल ना रे?"

"फार येतं गं. भाड्यापेक्षा जास्त."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

"आतमध्ये ऊन येतच नाही ना," तो म्हणाला आणि लगेच विषय बदलला. ऊन न येणारं काचघर. पुढच्या रविवारी मी पाकिटांकडे वळले. पाकिटं केवढी असतात? तळहातावर मावतील एवढी. त्याच्या पुढच्या रविवारी चोरांची काळजी केली. तर म्हणाला, काळजी करू नकोस, पावलापावलावर कॅमेरे आहेत आणि माल ठेवायच्या खोलीला बँकेसारखं दार आहे. तळहातावर मावणारं पाकीट, त्यात टोमॅटो, आणि त्याला तिजोरी!

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. घरात कुणी टोमॅटोचा विषय काढला की यजमान उठायचे आणि "पंप बघून येतो" म्हणून बागेकडे चालू लागायचे. शेजारीण म्हणाली, "सार करत्ये, टोमॅटो महागले हो," की हे निघाले पंप बघायला. मुलाचा आठवड्यात मधेच फोन आला तर तो ह्यांच्याच मोबाइलवर यायचा, आणि घरात रेंज नाही म्हणून हे तो घेऊन पार विहिरीपाशी जायचे. आमच्याकडे विहिरीपाशीच रेंज नसते.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला सरळ माणूस, बाजारात जास्त आलेलं सुटं नाणंही परत करणारा, तो माझ्यापासून काहीतरी लपवत होता. मला सगळ्यांत जास्त ते लागलं.

मी घाई केली नाही. ओल्या काजूचे दिवस आले. एका दुपारी हे स्वयंपाकघरात पाटावर बसून काजू सोलत होते. ओला काजू सोलताना हात खोबरेल लावूनही चिकानं बरबटतात, त्या हातांनी दाराची कडी धरायची सोय नसते. मी अशा वेळेचीच वाट बघत होते. समोर बसले आणि सहज म्हटलं, "काल तो माझ्याशी सगळं बोलला."

हा आमच्या कार्यालयातला सगळ्यांत जुना डाव. भागीदार सगळं बोलला म्हणून सांगायचं आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. यजमानांच्या हातातला काजू तसाच राहिला. त्यांनी दाराकडे बघितलं, हातांकडे बघितलं, आणि सुटका नाही हे कळल्यावर हळूच विचारलं, "मग गांजाचंही सांगितलंन?"

खरं सांगते, मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "काय?" आणि ह्यांना कळलं की मुलानं मला काहीच सांगितलेलं नाही. पण आता काय, बाण सुटला होता.

"अगो, तिकडे त्याला बंदी नाही," हे घाईघाईनं सांगायला लागले. "सरकार परवाना देतं. दुकानात मिळतो. आपल्याकडे तंबाखू मिळते तसा. पोलीसच उलट येऊन बघून जातात, कुलपं नीट आहेत की नाहीत."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुझी भीती गो."

"कसली भीती? मी काय खाते त्याला?"

"तू प्रश्न विचारत्येस," हे म्हणाले.

गांजा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. लहानपणी देवळाच्या पिंपळाखाली येऊन बसणारा, डोळे तांबारलेला एक बैरागी, आणि अधूनमधून स्थानिक पेपरात येणारी, शहरात अमुक ठिकाणी तरुणाला पकडलं अशी बातमी. त्या बातमीतलं पोर माझं, असं मला दिसायला लागलं. कायदेशीर हा शब्द ह्यांनी मला दहा वेळा ऐकवला. मी नोकरीत इतके कायदेशीर लोक पाहिलेत की त्या शब्दावर माझा भरवसा नाही.

मी रविवारची वाट बघितली नाही. मुलाला फोन लावला आणि म्हटलं, "बाबांनी सांगितलं. आता तू सांग." मग त्यानं मोबाइल फिरवला आणि मला पहिल्यांदा ती खोली दाखवली. जांभळ्या उजेडात ओळीनं उभी हिरवी झुडपं, अंगभर केसाळ तुरे. दिसायला चांगली होती, हे मला कबूल करायला हवं. कुणाच्या तरी हातची निगा त्यांत दिसत होती.

"तू ओढतोस का रे?" मी विचारलं.

"नाही गं. वासानंच डोकं उठतं."

ह्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते माझं अजून ठरलेलं नाही. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. "एक्साइज कसा लागतो?"

तो जरा चमकला. आईच्या तोंडी गांजानंतर शिव्या येतील अशी त्यानं तयारी केली असणार. "तुला ते ऐकायचंय?"

"मला तेवढंच कळतं."

मग तो बोलायला लागला, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की हे सगळं कुणाला तरी सांगायला तो किती आसुसला होता. तिकडे कायदा झाला तेव्हा सरकार धरून चाललं होतं की हा माल महागच विकला जाईल. म्हणून ठरवलं, दर ग्रॅममागे अमुक एक रक्कम एक्साइज, नाहीतर किमतीवर टक्केवारी, दोहोंत जे जास्त होईल ते घ्यायचं. मग जो तो पिकवायला लागला. माल ढिगानं आला आणि भाव कोसळला. भाव खाली आला तरी ग्रॅममागची रक्कम जागची हलली नाही.

आंबेवाल्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. समजा, सरकारनं उद्या हापूसच्या पेटीमागे ठराविक कर लावला. हंगामाच्या सुरुवातीच्या पेटीला तो जाणवणारसुद्धा नाही, कारण ती पेटी सोन्याच्या भावानं जाते. पण मे संपत आला, ढग जमायला लागले, तोच हापूस कॅनिंगवाल्याच्या दारात किलोवर ओतायची पाळी आली, तेव्हाही पेटीचा कर तोच. मग बागवाल्याच्या हातात राहील काय? रिकामी पेटी आणि पेंढा.

"आणि वर विक्रीकर," तो म्हणाला.

"तो किमतीवर असेल."

"एक्साइज धरून जी किंमत होते, तिच्यावर."

"करावर कर," मी म्हटलं. आमच्याकडे व्यापारी ह्याच गोष्टीवरून बोंब मारायचे. मी तेव्हा त्यांना कायद्याचं कलम वाचून दाखवायचे.

शिक्क्यांचा घोळही मला त्यानं सांगितला. तिथं प्रत्येक प्रांताचा शिक्का वेगळ्या रंगाचा. पाकिटावर एका प्रांताचा शिक्का बसला की ते दुसऱ्या प्रांतात विकता येत नाही. त्या रविवारी एका प्रांताची मागणी ऐन वेळी रद्द झाली होती, माल दुसरीकडे पाठवायचा होता, आणि पोरांनी आधीच जुने शिक्के चिकटवून ठेवले होते. माल घेणारं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक ठिकाणी सरकारचंच मंडळ. ते भाव पाडून घेतं आणि पैसे सवडीनं देतं. पण माल दाराबाहेर पडला की एक्साइज मात्र ठरल्या तारखेला भरायचा, पैसे आलेले असोत नसोत.

मी सरकारची बाजू सोडली नाही. जन्माची सवय. "मग भाव वाढवा तुम्ही."

"आई, गल्लीच्या तोंडाशी बिनशिक्क्याचा माल विकणारा उभा असतो. त्याला एक्साइज नाही, विक्रीकर नाही, कॅमेरा नाही, तिजोरी नाही. आम्ही भाव वाढवला की गिऱ्हाईक चालत त्याच्याकडे जातं."

हेही मला नवीन नव्हतं. आमच्या शहरात बिल न देता फरशी विकणाऱ्याचं दुकान कायम भरलेलं, आणि पक्कं बिल देणारा बिचारा माश्या मारत बसलेला. आम्ही तपासणीला जायचो ते बिल देणाऱ्याकडे. कारण त्याच्याकडे तपासायला काहीतरी असायचं.

एवढं झाल्यावर मी मूळ प्रश्न विचारला. "रिटर्न भरतोस?"

"वेळेवर भरतो."

"आणि पैसे?"

तो गप्प बसला. ही शांतता मला ओळखीची आहे. टेबलापलीकडे बसलेल्या माणसांच्या तोंडची ही शांतता मी जन्मभर ऐकली. फक्त टेबलापलीकडे माझा मुलगा नसायचा.

"पगार दिले," तो शेवटी म्हणाला. "लाईटचं बिल भरलं. नाहीतर झाडं मेली असती. वाटलं, पुढच्या महिन्यात भरू."

पुढच्या महिन्यात भरू! बुडणारं प्रत्येक दुकान हेच म्हणत बुडतं. सरकारच्या पैशावर एक महिना ढकलला की दुसरा ढकलावाच लागतो. वर व्याज, वर दंड. एक भागीदार केव्हाच बाजूला झाला होता, दुसरा फोन उचलत नव्हता. संचालक म्हणून ह्याची सही होती. कंपनीनं भरलं नाही तर हे देणं ह्याच्या मानगुटीवर बसणार, हेही त्याला माहीत होतं. एवढं सगळं माहीत असून तो रोज सकाळी जाऊन दिवे लावत होता.

"बंद कर," मी म्हटलं. "आजच्या आज परवाना परत दे. जितके दिवस चालू ठेवशील तितकं वाढत जाईल."

"आणि तिकडे येऊन काय सांगू?" तो एकदम चिडला. "टोमॅटो कुजले म्हणून सांगू? शिमग्याला सगळं गाव विचारील. आत्याला काय सांगू? त्यापेक्षा एखादा महिना ओढून बघतो. कायदा बदलेल म्हणतात."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ ह्या बोलण्याचा विचार करत होते. तोट्यातला धंदा माणूस एरवी का चालू ठेवतो ते मला माहीत आहे. लोभ असतो, नाहीतर आशा असते. इथे दोन्ही नव्हती. कॅनडातला एक कारखाना आमच्या संगमेश्वराकडच्या वाडीच्या लाजेखातर चालू होता.

शिमगा जवळ आला होता. संगमेश्वराकडे यजमानांचं मूळ गाव, आणि शिमग्यात तिथं देवीची पालखी घरोघरी येते. पालखी अंगणात येते, ढोल थांबतो, घरची बाई ओटी भरते, आणि मग गुरव नारळ हातात घेऊन त्या घरासाठी देवीला गाऱ्हाणं घालतो. काय हवं ते देवीला मोठ्यानं, सगळ्यांच्या समोर सांगायचं, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मुंबईचे चाकरमानी झाडून आलेले असतात. जयगडची नणंदही आली होती.

पालखी आमच्या अंगणात आली. मी ओटी भरली. गुरव म्हातारा आहे, आवाज अजून खणखणीत आहे. त्यानं नारळ उचलला आणि ह्यांना विचारलं, "पोराचा काय मागना हाय?"

"त्याच्या धंद्यात यश दे म्हणावं," हे म्हणाले.

"धंदा काय ता सांगा. देवीसमोर मोघम बोलून चालत नाय."

ह्यांनी घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं. पंप बघायला जायची इथं सोय नव्हती. "टो..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि मी मधेच म्हटलं, "गांजाचा."

ढोलवाल्यानं काठी खाली केली. मागच्या ओळीत कुणी तरी हसलं आणि कुणी तरी त्याला गप्प केलं. तोंड उघडलंच होतं तर अर्ध्यावर ठेवून काय उपयोग. मी सांगितलं, टोमॅटो नाहीत, केव्हाचे नाहीत. तिकडे गांजाला बंदी नाही, सरकार परवाना देतं, पण वजनावर कर घेतं, आणि भाव पडला तरी कर कमी करत नाही. पोर त्यात सापडलंय. आणि आमच्या, म्हणजे ह्या अंगणाच्या, लाजेनं सोडत नाहीये. नणंदेकडे बघायची माझी छाती झाली नाही.

गुरवानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हिशेबी माणसासारखं त्यानं विचारलं, "मंग देवीकडं मागायचा काय? धंदा चालूंदे, का बंद पडूंदे?"

माझ्या जन्मात मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नाही. मी म्हटलं, "बंद पडू दे."

"असला गाऱ्हाना मी आजपातूर घातला नाय," तो म्हणाला, आणि त्यानं नारळ वर धरला. "हे माऊली म्हाराजा! तुझ्या ह्या लेकरानं परमुलखात गांजाचा धंदा मांडलान. त्यात चोरी नाय, लबाडी नाय, पन सरकारच्या पट्टीत ता गावलाय. त्याचा धंदा सुखरूप बंद पडूंदे, देना असंल ता फिटूंदे, आनि पोर तुझ्या पायाशी येवंदे म्हाराजा!"

कुणीच बोलेना. मी जमिनीकडे बघत होते. मग एका बाईचा आवाज आला, रडवेला आणि खूप मोठा, "व्हय म्हाराजा!" ती माझी नणंद होती. तिच्या मागून सगळं अंगण म्हणालं. पालखी पुढच्या घरी गेली तेव्हा ह्यांचे एक चुलत काका माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, बी मिळंल काय गो थोडा?"

हल्ली काही लपून राहत नाही. कुणी तरी मोबाइलवर गाऱ्हाणं टिपलं होतं आणि ते मुलापर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, वार कुठला ते न बघता. तो हसत होता की रडत होता ते मला कळेना.

"आई, तू गावासमोर गांजा म्हणालीस?"

"मग काय तुळस म्हणू?"

खूप वेळानं त्याचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "परवाना परत करतोय. आज सकाळी कळवून टाकलं. झाडं नष्ट करायची तारीख ते देतील."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. कुणाला कळवलं, काय उत्तर आलं, कोण बोललं, सगळं विचारून घेतलं. सगळं जुळत होतं. मग मी म्हटलं, "आता तिकीट काढ."

"आत्ता नाही येता येणार."

"आता काय लपवतोयस? कोण आहे तिकडे? आजारी आहेस का?"

"काही नाही गं. देणं राहिलंय. टोमॅटोवाला जुना मालक परत कामावर घेतोय. फेडतो आणि येतो."

"किती वर्षं लागतील?"

"माहीत नाही."

मग मी जे बोलले ते मी जन्मात कुणाशी बोलले नव्हते. मी म्हटलं, "सोड ते. कंपनी बंद झाली म्हणजे झाली. सात समुद्र ओलांडून कोण येतंय वसुलीला? नीघ आणि ये घरी." यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची बायको नव्हेच.

मुलगा चिडला नाही, हसलाही नाही. म्हणाला, "आई, त्यातला विक्रीकर गिऱ्हाइकांनी माझ्या हातात दिला होता, पुढे भरायला म्हणून. मी तो पगारात वाटून बसलो. सगळा भरतो आणि मग येतो."

मी त्याच्या आवाजात कुठं काही फट सापडते का ते बघितलं. सवयीनं बघितलं. नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तरी मला सगळा कर भरतो म्हणालं, आणि मी ते खरं मानलं, आणि मला रडू कोसळलं.